वरूड-मोर्शीचे भूजल आणि सार्वजनिक यंत्रणा : भूजल कायद्याच्या अंमलबजावणीचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

पर्यावरणविषयक कायद्यांच्या अंमलबजावणीचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने नद्यांचे प्रदूषण, कारखान्यांचा धूर, जंगलतोड अशा डोळ्यांना दिसणाऱ्या हानीकडे जाते. जमिनीखालचे पाणी दिसत नाही. त्याचा ऱ्हास विहिरीचा दोर लांबत गेल्यावर आणि मोटारपंप कोरडा चालू लागल्यावरच ध्यानात येतो. भारतीय कायद्यानेही या पाण्याकडे उशिराच पाहिले. एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानंतर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या कलम ३(३) अन्वये १४ जानेवारी १९९७ रोजी केंद्रीय भूजल प्राधिकरण स्थापन झाले आणि भूजल हा पर्यावरण कायद्याचा विषय ठरला. महाराष्ट्राने मात्र त्यापूर्वी, १९९३ मध्येच, पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी भूजलाच्या उपशावर बंधने घालणारा कायदा केला होता. या दृष्टीने राज्य पुढारलेले होते असे म्हणता येईल.

कायदा होणे आणि तो गावाच्या शिवारात उतरणे यांत अंतर असते. प्रस्तुत लेखात हे अंतर अमरावती जिल्ह्यातील वरूड व मोर्शी या संत्रापट्ट्यातील तालुक्यांच्या संदर्भात तपासले असून, तुलनेसाठी अकोला जिल्ह्यातील अकोट-तेल्हारा भागाचाही विचार केला आहे. कायदा आहे, अधिकारी आहेत, त्यांच्या हाती अधिकारही आहेत. असे असूनही भूजल मूल्यांकनांत वरूड आणि मोर्शी हे तालुके एकापाठोपाठ अतिशोषित वर्गात नोंदले गेले. हे कसे घडले, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

जमिनीखालची रचना आणि वरची पिके

वऱ्हाडाचा बराचसा भाग दख्खनच्या काळ्या खडकावर, म्हणजे बेसाल्टवर, वसलेला आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. साधी विहीर या वरच्या थरातून पाणी घेते आणि पावसाळ्यात पुन्हा भरते. खोल बोअर त्याखालच्या भेगांपर्यंत पोहोचते. तेथील पाणी मर्यादित असते आणि एकदा उपसले की त्याचे पुनर्भरण फार सावकाश होते. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा व जाड वाळूचा एक पट्टा आहे. भूवैज्ञानिक त्याला बझाडा म्हणतात. पावसाचे पाणी येथे वेगाने मुरते. त्याच्या दक्षिणेस पूर्णा नदीचे गाळाचे खोरे पसरले असून तेथील भूजल खारे आहे. हा खारपाण पट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जातो आणि त्यात सुमारे ९०० गावे येतात.

वरूड-मोर्शीच्या जमिनीवर संत्रा आहे. या भागाला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणण्याची प्रथा पडली ती याच फळामुळे. संत्र्याचे दोन मुख्य बहार घेतले जातात. मृग बहाराची फुले पावसाळ्याच्या आरंभी येतात. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, आणि नंतर पाणी सुरू केले की जानेवारी-फेब्रुवारीत झाड फुलते. पुढे संपूर्ण उन्हाळाभर ते फळ झाडावर पोसावे लागते. ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी, त्यालाच आंबिया बहार साधतो. याचा अर्थ असा की, गावाची पाणीपुरवठ्याची विहीर ज्या महिन्यांत तळ गाठते नेमक्या त्याच महिन्यांत बगिच्याची मागणी सर्वाधिक असते.

या मागणीची कल्पना यावी म्हणून एक साधे गणित मांडता येईल. सहा मीटर अंतरावर लागवड केल्यास एका हेक्टरमध्ये २७७ झाडे बसतात. पूर्ण वाढलेल्या झाडाला भर उन्हाळ्यात दिवसाला केवळ १०० लिटर पाणी लागते असे धरले, तरी हेक्टरी रोजचा उपसा २७,७०० लिटर होतो. जल जीवन मिशनचा ग्रामीण भागासाठीचा निकष माणशी दररोज ५५ लिटर आहे. म्हणजे एका हेक्टर बगिच्याचे एका दिवसाचे पाणी सुमारे ५०० माणसांच्या एका दिवसाच्या गरजेएवढे ठरते. हे गणित शेतकऱ्याला दोष देण्यासाठी मांडलेले नाही. संत्र्याचे झाड लावल्यापासून फळावर येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. कपाशीचे पीक एका हंगामात बुडाले तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते; बगिचा एका उन्हाळ्यात वाळला तर कुटुंबाची दशकभराची कमाई जाते. वरूड-मोर्शीत भूजल कायद्याची अंमलबजावणी करायची म्हणजे या दोन गरजांच्या मध्ये उभे राहायचे.

मालकी हक्काकडून नियमनाकडे

जमिनीच्या मालकाला तिच्याखालच्या पाण्यावर हक्क आहे ही कल्पना भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ इतकी जुनी आहे. ठरावीक प्रवाहातून न वाहणारे भूमिगत पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व वापरण्याचा प्रत्येक मालकाचा हक्क या अधिनियमाच्या कलम ७ मधील उदाहरणात मान्य केलेला आहे. कोळशाची खाण घ्यायची तर परवाना लागतो, पाणी काढायला मात्र केवळ सात-बारा पुरतो, ही विसंगती पुष्कळ काळ कोणाला खटकली नाही. कारण मोटेने उपसता येणारे पाणीच मुळी थोडे होते. विजेच्या पंपाने आणि पुढे बोअरच्या यंत्राने हे प्रमाण बदलून टाकले. केंद्र शासनाने भूजल नियमनाचे आदर्श विधेयक १९७० मध्येच राज्यांकडे पाठवले होते. तथापि पाणी हा राज्यसूचीतील विषय असल्यामुळे पुढचे पाऊल राज्यांनीच टाकायचे होते.

महाराष्ट्र भूजल (पिण्याच्या पाण्याच्या प्रयोजनार्थ विनियमन) अधिनियम, १९९३ हे ते पाऊल होय. त्याच्या नावातच त्याची मर्यादा सांगितलेली आहे. भूजलाचे एकंदर जतन हा त्याचा हेतू नव्हता. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचा उद्भव वाचवणे एवढाच होता. सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदण्यास त्याने मनाई केली. पर्जन्यमान पाहून एखादे क्षेत्र टंचाईग्रस्त घोषित करण्याचा, आणि तेथे उद्भवाच्या एक किलोमीटर परिसरातील विहिरींचा उपसा नियंत्रित करण्याचा अधिकार त्याने दिला. सर्वांत कडक तरतूद अतिशोषित पाणलोट क्षेत्रासाठी होती. असे क्षेत्र घोषित झाल्यावर नव्या विहिरीस परवानगी आवश्यक ठरे, आणि अस्तित्वातील विहिरीमुळे सार्वजनिक उद्भवास बाधा पोहोचण्याचा संभव असेल तर फेब्रुवारी ते जुलै या काळात तिच्यातून पाणी काढण्यास मनाई करता येई. विहीर बंद करावी लागल्यास उभ्या पिकाची व विहिरीच्या मोलाची भरपाई देण्याचीही सोय कायद्यात होती.

फेब्रुवारी ते जुलै हा कालावधी आंबिया बहाराच्या दिनक्रमाशेजारी ठेवून पाहिला म्हणजे कायद्यातील या एका वाक्याचे वजन लक्षात येते. ज्या सहा महिन्यांत फळ पोसायचे तेच सहा महिने कायद्याने हाती घेतले होते. मुंबईत मसुदा तयार करणाऱ्यांच्या मनात बहुधा मराठवाड्यातील वा पश्चिम महाराष्ट्रातील ऊस असावा; पण कात्री लागली असती ती वरूडच्या संत्र्याला.

तक्रार कोणी करायची?

कायद्याची यंत्रणा दोन खात्यांत वाटलेली होती. निर्णयाचा अधिकार जिल्हाधिकारी व त्यांच्या अधिपत्याखालील महसूल अधिकाऱ्यांकडे, आणि तांत्रिक सल्ला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाकडे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पातळी वर्षातून चार वेळा, पावसाळ्यानंतर तसेच जानेवारी, मार्च व मे महिन्यांत मोजते. या नोंदी आणि पर्जन्यमान यांवरून पाणलोट क्षेत्रांचे व तालुक्यांचे वर्गीकरण होते. उपलब्ध वार्षिक भूजलाच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर क्षेत्र सुरक्षित, ७० ते ९० टक्के अंशतः शोषित, ९० ते १०० टक्के शोषित आणि १०० टक्क्यांवर अतिशोषित मानले जाते. लोकांच्या बोलण्यात या सर्व संज्ञांची जागा 'डार्क झोन' या एकाच शब्दाने घेतली आहे.

मोजणी करणाऱ्या यंत्रणेला थांबवण्याचा अधिकार नव्हता, आणि थांबवण्याचा अधिकार असलेल्या महसूल खात्याला मोजणीचे ज्ञान नव्हते. तहसीलदाराकडे जमीन, निवडणूक, रेशन, नैसर्गिक आपत्ती, प्रमाणपत्रे अशी कामांची रास असते. त्यात भूजल कायदा हा सर्वांत शेवटचा कागद. व्यवहारात कारवाईची सुरुवात तक्रारीने व्हावी लागे. ग्रामपंचायतीने किंवा गावकऱ्याने तक्रार द्यायची, महसूल अधिकाऱ्याने भूवैज्ञानिकाचा अहवाल मागवायचा, त्याने जागेवर येऊन अंतर मोजायचे व बाधा होते की नाही ते ठरवायचे, नंतर नोटीस, सुनावणी आणि आदेश. उन्हाळा तोपर्यंत संपत आलेला असे.

परंतु विलंबापेक्षाही मोठा अडथळा तक्रारीच्या पायरीवरच होता. शिवारात नवी विहीर कोण खोदत आहे हे गावात सर्वांना ठाऊक असते. सरकारला तेवढे कळवायचे कोणी? ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो बांधाला बांध लागून असलेला शेजारी, भावकीतला माणूस, किंवा सोसायटीच्या निवडणुकीत ज्याचा शब्द चालतो असा मोठा बागायतदार. सरपंच स्वतः बगिचेवाला असेल तर प्रश्नच मिटला. तक्रार देणाऱ्याला पाणी मिळेल की नाही हे अनिश्चित, वैर मात्र निश्चित. संजीव फणसळकर आणि विवेक खेर यांनी या कायद्याच्या पहिल्या दशकातील अंमलबजावणीचा आढावा २००६ मध्ये 'लॉ, एन्व्हायर्नमेंट अँड डेव्हलपमेंट जर्नल'मध्ये घेतला होता. ही अंमलबजावणी अत्यंत तोकडी राहिली, हेच त्यांच्याही विवेचनातून समोर आले.

पुराव्याचा प्रश्नही सोपा नव्हता. बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून सरकते. ४०० मीटरवरच्या एका विहिरीचा गावविहिरीवर काहीच परिणाम नसेल आणि ८०० मीटरवरचे बोअर तिला एका महिन्यात कोरडी पाडू शकेल. कायद्याने मात्र सोपे वर्तुळ आखले होते. वर्तुळ मोजायला सोपे असते आणि न्यायालयात टिकते, हा त्याचा गुण. खडक त्या वर्तुळाला जुमानत नाही, हा दोष. वर्तुळाबाहेरच्या विहिरीविरुद्ध कारवाई करायची तर अतिशोषित क्षेत्राच्या तरतुदीकडे वळावे लागे, आणि तेथे भरपाईचा प्रश्न उभा राही. एका बगिच्याच्या एका बहाराची भरपाई म्हणजे तहसील कार्यालयाच्या दृष्टीने न पेलणारी रक्कम. कायद्याने भरपाई ठेवली ती न्यायबुद्धीने. परिणाम मात्र असा झाला की अधिकार वापरणेच महाग पडू लागले.

विहीर अधिग्रहणाची वाट

मग प्रशासन उन्हाळ्यात काय करीत होते? ते स्वस्थ बसले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. दरवर्षी जिल्हा प्रशासन पाणीटंचाई कृती आराखडा तयार करते. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे असतात. नळयोजनांची विशेष दुरुस्ती, नव्या विंधन विहिरी, टँकर यांबरोबरच खाजगी विहिरींचे अधिग्रहण हा त्यातील नेहमीचा उपाय होय. गावाजवळच्या ज्या शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी आहे ती विहीर प्रशासन काही महिन्यांसाठी ताब्यात घेते, मालकाला ठरलेला मोबदला देते आणि ते पाणी गावाला पुरवते.

या दोन उपायांची तुलना उद्‌बोधक आहे. अधिकारी तेच, गाव तेच, उन्हाळा तोच, कित्येकदा विहीरही तीच. भूजल कायद्याने जाऊन शेजाऱ्याचा उपसा थांबवायचा तर बाधा सिद्ध करावी लागते, नोटीस द्यावी लागते, कोणाला तरी दोषी ठरवावे लागते. अधिग्रहणात कोणी दोषी ठरत नाही. मालकाला पैसे मिळतात, गावाला पाणी मिळते, तहसीलदाराचा अहवाल पूर्ण होतो आणि लोकप्रतिनिधीला श्रेय मिळते. टंचाईच्या शीर्षाखाली निधीही उपलब्ध असतो. साहजिकच प्रशासनाने सोपी वाट धरली. तिचा एक परिणाम मात्र कोणत्याही आराखड्यात लिहिलेला नसतो. ज्याने सर्वांत खोल खणले त्याच्याच विहिरीला मे महिन्यात पाणी असते, आणि म्हणून अधिग्रहणाचा मोबदलाही त्यालाच मिळतो. एका कायद्याने जे रोखायचे तेच दुसऱ्या योजनेने फायद्याचे ठरवले.

'डार्क झोन'चा भार कोणावर?

अतिशोषित या शिक्क्याला अजिबात दात नव्हते असे नाही. ते दात अन्यत्र होते. अशा क्षेत्रात नव्या विहिरीसाठी बँकेचे कर्ज मिळणे दुरापास्त झाले, कारण नाबार्डचे पुनर्वित्ताचे निकष भूजलाच्या वर्गीकरणाशी जोडलेले आहेत. शासकीय अनुदानाच्या विहिरींच्या मंजुरीतही हे वर्गीकरण आडवे येऊ लागले. रोजगार हमीतून दिल्या जाणाऱ्या सिंचन विहिरींसाठी राज्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये जी कार्यपद्धती ठरवली तिच्यातही पेयजल उद्भवापासून ५०० मीटरची अट कायम आहे. थोडक्यात, जे काम दंडाच्या भीतीने झाले नाही ते पैशाच्या दोरीने काही अंशी झाले.

पण ही दोरी सर्वांच्या गळ्यात सारखी बसत नाही. कर्जावर किंवा अनुदानावर अवलंबून असलेला अल्पभूधारक, ज्याला पन्नास फुटांची पहिली विहीर खोदायची आहे, तो अर्ज घेऊन कार्यालयात येतो आणि तेथेच अडतो. स्वतःच्या पैशाने सातशे-आठशे फूट बोअर घेणारा बागायतदार कोणत्याही कार्यालयात येतच नाही. बोअरचे यंत्र भाड्याने मिळते. तमिळनाडूतील तिरुचेंगोडे हे या यंत्रांच्या मालकांचे देशातील मोठे केंद्र असून त्यांच्या गाड्या हंगामात राज्याराज्यांत फिरतात. रात्रीत गाडी येते, सकाळपर्यंत बोअर तयार होते आणि गाडी पुढच्या गावाला निघून जाते. ज्याने बंदी मोडली असेल तो शोधायचा तर पंचनाम्यासाठी जमिनीवर सहा-साडेसहा इंचांचे एक भोक एवढेच उरते. 'डार्क झोन' उठवा ही मागणी वरूड-मोर्शीत वेळोवेळी होत आली तिच्यामागे हा अनुभव आहे. तिला केवळ पर्यावरणविरोधी मागणी समजणे चुकीचे ठरेल. बंदीचा भार ज्याच्यावर पडला तो सर्वांत कमी पाणी उपसणारा होता.

वीज हा या प्रश्नाचा आणखी एक पदर आहे. राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज देण्याची योजना आणली. शेतीच्या अरिष्टाच्या पार्श्वभूमीवर या सवलतीचे समर्थन करता येते. तथापि उपसा कमी करा असे भूजल खात्याने सांगायचे आणि उपशाचा खर्च शून्यावर आणायचा ऊर्जा खात्याने, अशा परिस्थितीत शेतकरी कोणाचे ऐकेल हे सांगण्यास अभ्यासकाची गरज नाही.

२००९ चा अधिनियम आणि नियमांची प्रतीक्षा

पहिल्या कायद्यातील उणिवा शासनाच्या लक्षात आल्या नव्हत्या असे नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा त्यांवरचा विचारपूर्वक केलेला उपाय होता. विधिमंडळाने संमत केलेल्या या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळून अधिनियम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १ जून २०१४ पासून अंमलात आला. पिण्याच्या पाण्यापुरता असलेला हेतू त्याने व्यापक केला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला राज्य भूजल प्राधिकरणाचे काम देण्यात आले, विहिरींची आणि बोअर यंत्रांच्या मालकांची नोंदणी आवश्यक ठरली, अधिसूचित क्षेत्रांत पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समित्यांची तरतूद झाली. ६० मीटर, म्हणजे सुमारे १९७ फुटांहून अधिक खोल विहीर ही 'खोल विहीर' ठरवून अधिसूचित क्षेत्रात तिच्यावर बंदी व जुन्या खोल विहिरींच्या उपशावर उपकर अशी रचना केली गेली. उपलब्ध भूजलावर आधारित पीक आराखडा समितीने करावा, हा विचारही प्रथमच कायद्यात आला.

यंत्राच्या मालकाची नोंदणी ही यातील सर्वांत व्यवहार्य तरतूद म्हणावी लागेल. शेतकरी लाखो आहेत, गाड्या मोजक्या. गाडी रस्त्याने येते, तिला क्रमांक असतो. मात्र अधिनियम अंमलात आल्यानंतर त्याखालील नियमांचे प्रारूप हरकतींसाठी प्रसिद्ध झाले ते २०१८ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी. नियम नसले की अर्जाचा नमुना, शुल्क, मुदत, अपिलाची रीत यांपैकी काहीच ठरत नाही आणि तहसील कार्यालयात विचारणा करणाऱ्याला देण्याजोगे उत्तर नसते. आपल्याकडे अधिनियमाच्या संमतीची बातमी होते, नियमांच्या विलंबाची होत नाही. प्रत्यक्षात अंमलबजावणीचे भवितव्य नियमांवर ठरते.

याच काळात केंद्रीय पातळीवरची दिशा वेगळी राहिली. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी शेतीसाठीच्या उपशाला ना-हरकत प्रमाणपत्रातून सूट दिली. उद्योगाने परवानगी घ्यावी, शेताने घेऊ नये. राजकीयदृष्ट्या हे समजण्यासारखे आहे. परंतु वरूड-मोर्शीसारख्या तालुक्यात, जेथे उपसा जवळजवळ पूर्णपणे शेतीचा आहे, तेथे केंद्रीय नियमनाला करण्यासारखे काही उरत नाही.

अकोट-तेल्हाऱ्याची वेगळी अडचण

अकोला जिल्ह्यात प्रश्नाचे स्वरूप बदलते. अकोट व तेल्हारा तालुक्यांचा सातपुड्यालगतचा भाग बझाडा पट्ट्यात येतो. गोडे पाणी, भारी जमीन यांमुळे येथे केळी, संत्रा, तसेच अंजनगाव सुर्जीपासून तेल्हाऱ्यापर्यंत पानमळे आणि पानपिंपळी ही वऱ्हाडाची खास पिके टिकली. त्याच तालुक्यांची दक्षिणेकडील गावे खारपाण पट्ट्यात आहेत. तेथे बोअर कितीही खोल नेले तरी पिण्यायोग्य पाणी लागत नाही; उलट खारेपणा वाढण्याचा संभव असतो. या गावांसाठी ५०० मीटरच्या वर्तुळाला काही अर्थ नाही, कारण वर्तुळाच्या मध्यभागी जपण्यासारखी गोड्या पाण्याची विहीरच नसते. त्यांचे पिण्याचे पाणी दूरच्या धरणातून येते. वान धरणावरील ८४ खेडी योजना, काटेपूर्णा प्रकल्पाच्या आधाराने चालणारी खांबोरा येथील ६४ खेडी योजना ही त्याची ठळक उदाहरणे होत.

प्रशासनाच्या दृष्टीने खारपाण पट्टा हा पाणीपुरवठ्याचा विषय आणि बझाडा पट्टा हा भूजलाचा विषय, अशी वाटणी झालेली आहे. जमिनीखाली अशी वाटणी नाही. पायथ्याशी मुरणारे पाणी हेच खोऱ्यातील गोड्या पाण्याचा मुख्य आधार असते. पायथ्याचा उपसा वाढला तर गोड्या व खाऱ्या पाण्याचा समतोल कोठे सरकतो, हे पाहण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची? पातळी मोजणारा विभाग त्या पातळीचा अहवाल देतो, गुणवत्ता तपासणारी प्रयोगशाळा नमुन्याचा अहवाल देते, आणि नळयोजना चालवणारी जिल्हा परिषद पाणीपट्टीची थकबाकी मोजते. वान धरणाचे पाणी सिंचनाला द्यायचे की बाळापूर-अकोला तालुक्यांतील खारपाण गावांना, यावरून २०२२-२३ मध्ये जो संघर्ष झाला त्यात दोन्ही बाजूंचे शेतकरी रस्त्यावर आले. भूजल कायद्याचा उल्लेख त्या वादात क्वचितच झाला.

प्रोत्साहनाचा प्रयोग आणि त्यापुढील काम

शिक्षेची वाट बंद दिसल्यावर शासनाने प्रोत्साहनाची वाट धरली. २५ डिसेंबर २०१९ रोजी जाहीर झालेली अटल भूजल योजना देशातील सात राज्यांत राबवली गेली. महाराष्ट्रातील १३ जिल्ह्यांत अमरावतीचा आणि त्यातील वरूड-मोर्शी भागाचा समावेश होता. गावाने स्वतःचे पाण्याचे अंदाजपत्रक मांडायचे, जलसुरक्षा आराखडा करायचा, ठिबकसारख्या उपायांनी मागणी कमी करायची आणि परिणाम दिसल्यास निधी मिळवायचा, अशी तिची पद्धत. तक्रार करणारा गावकरी येथे मोजणी करणारा गावकरी होतो, आणि शेजाऱ्याशी वैर न घेता पाण्याचा हिशेब गावसभेत मांडता येतो. ही तिची जमेची बाजू निःसंशय मोठी आहे. परंतु ठिबकने वाचलेले पाणी जमिनीत राहते की वाढीव बगिच्याला जाते, हे तपासायचे तर प्रत्येक बोअरची माहिती लागते, आणि ती माहिती गावाच्या दप्तरात नसते.

खरे तर ती माहिती तुकड्यातुकड्याने अस्तित्वात आहे. सात-बाऱ्याच्या पीकपाहणीत जलसिंचनाचे साधन लिहिले जाते, त्याची खोली लिहिली जात नाही. महावितरणकडे कृषिपंपाची अश्वशक्ती असते, विहिरीचे ठिकाण महसुली गट क्रमांकाशी जुळवलेले नसते. बोअर यंत्राच्या मालकाच्या पावतीवर फूट आणि दर दोन्ही असतात, ती पावती शेतकऱ्याच्या पेटीत राहते. भूजल यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या दशकानुदशकांच्या नोंदी आहेत, त्या तालुक्याच्या वर्गीकरणासाठी वापरल्या जातात, गावाच्या निर्णयासाठी क्वचितच. २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे शेतकरी स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून पिकाची नोंद करू लागला आहे. त्याच नोंदीत बोअरची खोली आणि खोदल्याचे वर्ष हे दोन रकाने वाढवणे, यंत्रचालकाला खोदाईची पावती ग्रामपंचायतीत जमा करणे बंधनकारक करणे आणि विहीर अधिग्रहणाचा मोबदला देताना ६० मीटरपेक्षा खोल स्रोत वगळणे, या तीन गोष्टींना नवा अधिनियम लागत नाही. पहिल्या दोन गोष्टी महसूल व ग्रामविकास विभागांच्या आदेशाने होऊ शकतात. तिसऱ्या गोष्टीसाठी जिल्हाधिकाऱ्यांना ऑक्टोबरमध्ये, टंचाई आराखड्याचा पहिला टप्पा मंजूर करतानाच, पर्यायी उद्भव शोधून ठेवावा लागेल. कारण मे महिन्यात तहानलेल्या गावासमोर खोल विहीर नाकारणे कोणत्याही तहसीलदाराला शक्य होणार नाही.